ग्रीकांचे देव, गोंडांचा लिंगो आणि घरात मराठी बोलणारा परधान

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात ग्रीक देवांवर व्याख्यान कशाला, असे विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ज्या देवाची आपण इथे स्थापना केली आहे त्याच्या जन्माची गोष्ट एकदा सावकाश आठवून पाहा. आईने अंगावरच्या मळातून मुलगा घडवला आणि दारावर बसवला. बाप बाहेरून आला, मुलाने अडवले, बापाचा संताप अनावर झाला आणि त्याने मुलाचे मस्तक उडवले. मग आईचा आकांत, गणांची धावपळ, हत्तीचे मस्तक. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकल्यामुळे या गोष्टीतला राग आणि रडणे आपल्या कानांवरून निघून जाते. परक्या मुलखातल्या गोष्टीत तेच भेटले की आपण दचकतो. म्हणून आधी ग्रीसला जाऊ. फार वेळ थांबणार नाही, कारण आम्हाला परत आपल्याच जिल्ह्यात, उटनूर-नारनूरच्या डोंगरात यायचे आहे.

ट्रॉयचे युद्ध म्हटले की बहुतेकांना लाकडी घोडा आठवतो. होमरच्या इलियडमध्ये तो घोडा येतच नाही. चोवीस सर्ग, पंधरा हजारांवर ओळी, आणि दहा वर्षांच्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले थोडे दिवस, एवढाच त्याचा पसारा. काव्याचा पहिलाच शब्द 'राग' या अर्थाचा आहे. सेनापती अॅगामेम्नॉन आपल्याच पक्षातल्या सर्वांत मोठ्या योद्ध्याची, अकिलीसची, युद्धात मिळालेली स्त्री हिसकावून घेतो. अकिलीस रुसून तंबूत बसतो. त्याच्या रुसण्यापायी त्याच्याच बाजूची शेकडो माणसे मरतात. शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचे चिलखत घालून लढायला जातो आणि ट्रॉयच्या हेक्टरकडून मारला जातो. मग अकिलीसचा राग दुसरीकडे वळतो. तो हेक्टरला मारतो, तेवढ्याने भागत नाही म्हणून प्रेत रथामागे बांधून फरफटत नेतो.

आणि देव काय करत असतात? ते वाटून घेतलेले असतात. हेरा आणि अथीना एका बाजूला, अफ्रोदिती दुसऱ्या बाजूला. अफ्रोदिती आपल्या मुलाला वाचवायला रणांगणात उतरते, एका माणसाचा भाला तिच्या हाताला लागतो आणि ती रडत आईच्या मांडीवर जाऊन पडते. देवांचा राजा झ्यूस, पण त्याचाही एक मुलगा, सार्पिडॉन, त्या युद्धात मरायचा असतो. त्याला वाचवावे असे झ्यूसच्या मनात येते. हेरा म्हणते, वाचव, पण मग प्रत्येक देव आपापल्या मुलाला वाचवू लागेल, ते चालेल का? झ्यूस गप्प होतो आणि पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. जगाचा राजा असून पोटच्या पोराला वाचवता येत नाही, हे होमरने दोन-चार ओळींत सांगून टाकले आहे.

आम्हाला विचाराल तर अख्ख्या इलियडचा जीव शेवटच्या सर्गात आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत जातो. अकिलीससमोर गुडघे टेकतो आणि ज्या हातांनी आपल्या मुलांना मारले त्याच हातांचे चुंबन घेतो. मुलाचे प्रेत मागतो. अकिलीसला आपला म्हातारा बाप आठवतो. दोघेही रडतात, एक मुलासाठी आणि दुसरा बापासाठी व मित्रासाठी. मग अकिलीस त्याला जेवायला बसवतो. युद्ध संपलेले नसते, मैत्री होत नाही. प्रायम प्रेत घेऊन जातो, अंत्यसंस्कार होतो आणि काव्य थांबते. विजयाची एकही ओळ त्यात नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणले, त्यामुळे ग्रीकांची शोकांतिका आपल्या काहीजणांना ठाऊक असेल. तिचे मूळ या म्हाताऱ्याच्या रडण्यात आहे, असे आम्हाला वाटते.

आता मुद्द्याकडे येतो. हे सगळे टिकले कसे? होमरच्या नावावरची ही काव्ये लिहिली जाण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गायली जात होती. ओडिसी या दुसऱ्या काव्यात असा एक गायक प्रत्यक्ष भेटतो. त्याचे नाव डेमोडोकस. तो आंधळा आहे. राजाच्या सभेत दूत त्याला हाताला धरून आणतो, खांबाजवळच्या आसनावर बसवतो, त्याचे तंतुवाद्य कुठे टांगले आहे ते हात धरून दाखवतो. अनोळखी पाहुणा म्हणून सभेत बसलेला ओडिसियस आपल्या ताटातला मांसाचा उत्तम तुकडा त्याला पाठवतो. मग तो गायक ट्रॉयच्या युद्धाचे गाणे सुरू करतो आणि ज्याने ते युद्ध लढले तो ओडिसियस रडू लागतो.

पाश्चात्त्य पंडितांनी कित्येक वर्षे वाद घातला, की न लिहिता एवढे मोठे काव्य माणसाच्या तोंडी राहीलच कसे? हार्वर्डच्या मिल्मन पॅरी नावाच्या तरुण प्राध्यापकाने हा वाद ग्रंथालयात न सोडवता 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियाच्या खेड्यांत जाऊन सोडवला. तिथे एका तारेचे गुस्ले नावाचे वाद्य वाजवत वीरगाथा गाणारे लोक होते. त्यातला एक, अव्दो मेदेदोविच, व्यवसायाने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. त्याने बारा हजारांवर ओळींची एक गाथा सांगितली. पाठांतर नव्हे ते. ठरावीक शब्दगुच्छ, ठरावीक प्रसंग जिभेवर तयार असतात आणि गायक दर वेळी श्रोते पाहून गाणे नव्याने उभे करतो. पॅरी 1935 मध्येच गेला. त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड याने 1960 मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगाला होमर थोडा उलगडला.

पॅरीला युगोस्लाव्हिया सापडले. त्याच सुमारास त्याला कोणी आदिलाबादचा रस्ता दाखवला असता तरी चालले असते.

कारण आपल्या जिल्ह्यात असा गायक आजही आहे. त्याला परधान म्हणतात. हातात तीन तारांचे, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायचे वाद्य, किकरी; आपण मराठीत किंगरी म्हणतो ती. राजगोंडांच्या प्रत्येक कुळाचा मोठा देव असतो, पेर्सा पेन. त्याच्या पूजेच्या वेळी त्या कुळाची उत्पत्तिकथा गाऊन सांगण्याचा अधिकार पुजाऱ्याचा नसतो, परधानाचा असतो. अमुक परधान घराणे अमुक गोंड घराण्याचे, हे नाते वंशपरंपरेचे. जजमानाच्या घरी लग्न असो, मौत असो, परधान आला पाहिजे, गायला पाहिजे आणि त्याचे दान घेऊन गेला पाहिजे. तोटी नावाची दुसरी एक छोटी जमात आहे, तीही हेच काम करते. फरक असा की तोटी लोकांची घरातली भाषा गोंडी आहे. आपल्या भागातल्या परधानांची घरातली भाषा मराठी आहे.

हे वाक्य आम्ही पुन्हा म्हणू इच्छितो. गोंडांचे देव, गोंडांचे वीर, त्यांचे जन्म, भांडणे आणि मरणे ज्यांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत ते लोक गातात गोंडीत, पण चुलीपाशी आपल्यासारखेच मराठी बोलतात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940 नंतर मारलवाईला राहून या कथा ऐकत होता. त्याचे 'द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक 1948 साली निघाले. त्यानेही ही गोष्ट नोंदवली आहे. पैनगंगेच्या या काठाला, बेला-तामसीपासून आदिलाबाद शहरापर्यंत, आपली मराठी घरे कित्येक पिढ्या आहेत. मुलांना मराठी शाळा मिळत नाही, दुकानाच्या पाटीवर मराठी दिसत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि ते हळहळणे खोटे नाही. पण आपल्या भाषेतून बाहेर पडून दुसऱ्या भाषेत एक महाकाव्य सांभाळणारे मराठी भाषक आपल्या शेजारी आहेत, याची गणती आपण आपल्या मराठीत सहसा करत नाही.

ते काय गातात, ते आता ऐका. सर्वांत जुनी छापील नोंद नागपूरची आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजमुळे नाव ओळखीचे असेल. त्याने गोळा केलेले लिंगोचे गीत त्याच्या मृत्यूनंतर 1866 साली रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या परधानांच्या गाण्यात काही पात्रे आणि घटना वेगळ्या आहेत, ते पुढे सांगतो. आधी ही नागपूरकडची कथा.

गोंड जन्माला आले आणि जंगलभर पसरले. मिळेल ते खात, नहात नसत. धवलगिरीवर महादेव राहत होता, त्याला त्यांचा वास सहन होईना. तेव्हा महादेवाने काय करावे? अंगावरचा मळ काढला आणि त्यातून एक खार केली. मघाशी आपण पार्वतीच्या मळाची गोष्ट आठवली ना, तीच ही सामग्री. फक्त आईने त्यातून मुलगा घडवला आणि बापाने सापळा. शेपटी उभारून खार पळाली, तिच्यामागे काठ्या-दगड घेऊन सगळे गोंड पळाले. खार गुहेत शिरली, तेही शिरले. महादेवाने सोळा हात लांबीचा दगड गुहेच्या तोंडावर लावला आणि पहारा बसवला. सोळा विसा गोंड आत कोंडले गेले. चौघे तेवढे निसटले.

यापुढचा प्रसंग आम्हाला इलियडमधल्या कुठल्याही प्रसंगाइतका मोठा वाटतो. पार्वतीच्या लक्षात येते की डोंगर गप्प झाला आहे. पूर्वी गलका असायचा, वास यायचा, आता काहीच नाही. माझे गोंड कुठे गेले, म्हणून ती अन्न सोडून व्रताला बसते. जो वास नवऱ्याला नकोसा झाला, त्याचीच तिला आठवण होते. ग्रीक देवतांत रडणाऱ्या आया पुष्कळ आहेत. अकिलीसची आई थेटीस समुद्रातून वर येऊन मुलासाठी रडते. पण त्या आपल्या पोटच्या मुलासाठी रडतात. कोंडून ठेवलेल्या, घाणेरड्या म्हणून हाकललेल्या एका अख्ख्या जमातीसाठी उपाशी बसलेली देवी आम्हाला तिथे आढळली नाही. दोन दिवसांनी आपल्या घरी ज्येष्ठा गौरी येतील. त्यांना मराठमोळा शालू नेसवताना हीही गौर आठवायला हरकत नाही.

पार्वतीच्या व्रतामुळे लिंगो जन्माला येतो. पहांदीच्या फुलातून. म्हणून त्याला पहांदी कुपार लिंगल म्हणतात. बेंबीवर हिरा, कपाळावर गंध, मोहोळातला मध थेंबथेंब तोंडात पडतो आणि त्यावर तो वाढतो. जंगलात त्याला ते निसटलेले चौघे भाऊ भेटतात. शिकार केलेली असते, पण शिजवायला अग्नी नसतो. अग्नी असतो रिकाड गवडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतावर. आधी चौघांतला धाकटा जातो, म्हाताऱ्याला पाहून पळत सुटतो. मग लिंगो जातो. ग्रीकांच्या प्रोमिथियसने अग्नी चोरला आणि झ्यूसने त्याला खडकाला साखळदंडाने बांधून त्याचे काळीज गरुडाकडून खाववले. लिंगो चोरी करत नाही. तो भोपळा, बांबू आणि केसांच्या तारा घेऊन एक वाद्य तयार करतो, पिंपळावर चढून बसतो आणि वाजवू लागतो. म्हातारा जागा होतो आणि नाचू लागतो. म्हातारी येते, तीही नाचू लागते. नाचून नाचून म्हातारा इतका खूश होतो की आपल्या सात मुली तो या भावांना देऊ करतो. ऑर्फियसच्या वाद्याने पशू आणि झाडे हलत, असे ग्रीक सांगतात. राक्षसाच्या म्हातारीला नाचवून अग्नी आणणारा मात्र आपला लिंगोच.

लिंगो स्वतः लग्न करत नाही. चौघे भाऊ त्या सात बहिणी आपसांत वाटून घेतात. आणि इथून ही कथा अंधारात जाते. भाऊ शिकारीला गेलेले असताना वहिन्यांचे मन लिंगोवर जाते. झोपाळ्यावर पडलेल्या लिंगोला त्या झोके देतात, मग अंगचटीला येतात. तो चिडून मुसळ घेऊन त्यांना पिटाळतो. संध्याकाळी नवरे आले की त्या उलटेच सांगतात: तुमच्या भावाने आमच्यावर हात टाकला.

हिपोलिटसची सावत्र आई फेड्रा हेच करते, बेलेरोफॉनवर राणी हाच आळ घेते. आपल्या पुराणांतही असे आळ आहेत. तिकडे बाप मुलाला शाप देतो आणि समुद्रातून निघालेल्या बैलामुळे हिपोलिटसचे घोडे उधळून तो मरतो. शाप देव पुरा करतो. लिंगोच्या कथेत देवाचा हात नाही. सख्खे मानलेले भाऊ त्याला शिकारीच्या निमित्ताने नेतात, बाणांनी मारतात, डोळे काढतात आणि रात्री शेकोटीच्या उजेडात त्या डोळ्यांनी गोट्या खेळतात. परधान हे गातो तेव्हा समोर बसलेले श्रोते त्या चौघांचेही वंशज असतात. स्वतःच्या पूर्वजांचे इतके ओंगळ कृत्य दर वर्षी पूजेत ऐकून घेणे, याला वेगळे धैर्य लागते. आपल्या किती घराण्यांच्या वंशावळीत असे पान शिल्लक ठेवले आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

देव कावळ्याला शोधायला पाठवतो, अमृत शिंपडून लिंगो उठतो. उठल्यावर तो सूड घेत नाही, त्या चौघांकडे परतही जात नाही. मला माझे सोळा विसा कोंडलेले गोंड हवेत, म्हणतो. चंद्राला विचारतो, सूर्याला विचारतो, शेवटी ठिकाण कळते. महादेवाचे आसन हलेपर्यंत तप करतो. महादेव अट घालतो: समुद्राकाठच्या काळ्या बिंदो पक्ष्याची पिले आण. इथे पुन्हा होमर आठवल्याशिवाय राहत नाही. इलियडच्या दुसऱ्या सर्गात एक साप झाडावरची चिमणीची आठ पिले खातो, नववी त्यांची आई खातो, आणि ज्योतिषी म्हणतो, नऊ वर्षे युद्ध चालेल. सर्व योद्धे पाहत उभे राहतात. लिंगोलाही पिलांजवळ येणारा साप दिसतो, भौरनाग. लिंगो सापाला मारतो. पक्ष्याचे जोडपे परत येते, दर वर्षी पिले गमावणारे ते आईबाप स्वतःच पिले आणि लिंगोला पंखांवर घेऊन महादेवाकडे जातात. दगड बाजूला होतो. गोंड बाहेर येतात.

एवढे करून लिंगो राजा होत नाही. तो गोत्रे घालून देतो: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. कोणी कोणाशी सोयरीक करायची, कोणाशी नाही, पूजा कशी करायची. मग निघून जातो. ग्रीक वीराला मागे कीर्ती हवी असते. अकिलीसला दीर्घायुष्य आणि कीर्ती यांतून एकच निवडायचे असते आणि तो कीर्ती निवडतो. लिंगो मागे काय ठेवतो तर लग्न कुठे जमवायचे याचा नियम. ऐकायला किरकोळ वाटेल. पण जोडेघाटपासून गोंदियापर्यंत आजही गोंडाच्या घरी सोयरीक ठरवताना आधी विचारले जाते, तुम्ही किती देवांचे?

आपल्या भागात परधान गातात त्यात कोंडलेले असतात ते गोंडांचे देव, आणि त्यांच्या सुटकेत लिंगलबरोबर जंगूबाई असते. तिचे स्थान केरामेरी मंडलात, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या डोंगरात, अरुंद गुहेत आहे. पौषात तिथे दोन्ही राज्यांतले गोंड, परधान, कोलाम येतात. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि ही गुहा आसिफाबादकडे गेली. गाण्याला मंडल-जिल्ह्याची हद्द कळत नाही, ते आमच्यासारख्या सरकारी माणसाला कळते. आणि गोंदिया जिल्ह्यात कचारगडची मोठी गुहा आहे, माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. तिथली कथा सांगणारे आणखी एक पात्र सांगतात, हिरासुका, म्हणजे किंगरी वाजवणारा. त्याच्या वाजवण्याने आत कोंडलेल्यांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून रेटा दिला, दगड हलला, गडगडला, आणि बाहेर उभा असलेला हिरासुका त्या दगडाखाली सापडून मेला.

होमरने आपल्या गायकाला आंधळा केले, पण उत्तम मांस दिले, खांबाजवळचे आसन दिले. गोंडांच्या कथेत पहिला गायक दगडाखाली जातो. आणि प्रत्यक्षात? परधानाशिवाय गोंडाचा देव जागा होत नाही, तरी जुन्या रिवाजात गोंड परधानाच्या हातचे अन्न घेत नसे. हायमेनडॉर्फने तेही लिहून ठेवले आहे. ज्याच्या तोंडून आपले देव ऐकायचे त्यालाच पंगतीबाहेर बसवायचे, हा आपल्या साऱ्या देशाचा रोग आहे. त्यात आम्ही गोंडांकडे बोट दाखवणार नाही, आपले गाव आणि आपला वाजंत्री सर्वांना आठवतो.

वीर आणि देव यांच्यात किती अंतर असते, हे पाहायचे असेल तर आपल्या जिल्ह्याला फार मागे जावे लागत नाही. कुमराम भीम 1940 साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. बारा गावांत आमची जमीन, आमचे जंगल, आमचे पाणी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आश्विन पौर्णिमेला, आपण कोजागिरीचे दूध आटवतो त्याच रात्रीच्या सुमारास, तिकडे त्यांची पुण्यतिथी होते. शंभर वर्षेही झाली नाहीत आणि भीम गाण्यांत गेले, नंतर सिनेमात गेले. सिनेमातला भीम पाहून काही तरुण आम्हाला विचारतात की ते वाघाशी लढले होते का? असेच होते. ट्रॉयलाही बहुधा असेच झाले असेल, कुठले तरी खरे भांडण, त्यावर गाणे, गाण्यावर गाणे.

या ठिकाणी एक कडू गोष्ट बोलली पाहिजे, म्हणजे हे भाषण खरे होईल. त्या भांडणात जमिनीवर आलेल्या बाहेरच्या लोकांत तेलुगू होते, मुसलमान होते, तसे मराठीही होते. भीमांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फला इकडे पाठवले ते 'हे लोक का पेटले' हे पाहायला. उत्तर जमिनीत मिळाले. पुढे जमिनी वाचवण्यासाठी कायदे झाले, त्यातला 1970 चा पहिला विनियम, ज्याला सगळे 'वन ऑफ सेवंटी' म्हणतात, आपल्यापैकी अनेकांना कागदपत्रांमुळे पाठ आहे. त्याच्या बाजूने-विरुद्ध बोलण्याची ही जागा नाही. एवढेच म्हणतो, की परधान जेव्हा गुहेत कोंडलेल्यांचे गाणे गातो तेव्हा दगड लावणारे कोण, याची यादी त्याच्या श्रोत्यांच्या मनात एकट्या महादेवावर संपत नसणार.

आता हे गाणे किती दिवस? गुसाडी नाच आता सर्वांना माहीत झाला. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले गुसाडी दिवाळीत दंडारीबरोबर गावोगाव फिरतात. मारलवाईचे कनक राजू यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. नाच टिकेल, कारण तो दिसतो, फोटोत येतो. गाथेचे तसे नाही. ती रात्र-रात्र चालते आणि तिला ऐकणारा लागतो. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतल्या पोथ्या मिळाल्या, ती लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्येही आली. म्हणजे मोबाइलवर गोंडी लिहिता येते. फार चांगले झाले. पण पॅरीने जे दाखवून दिले ते इथेही लागू आहे: गाथा पानावर उतरली की तिचा एक पाठ राहतो, श्रोते पाहून ती नव्याने उभी करणारी जीभ राहत नाही. परधानांची मुले शिकली, मास्तर झाली, आमच्यासारखी सरकारी नोकरीत आली. त्यांनी शिकू नये असे कोण म्हणेल? बापाच्या खुंटीवरची किकरी मात्र मुलाच्या हातात येईलच असे राहिले नाही. जजमानही पूर्वीसारखे दान देऊ शकत नाही.

कामानिमित्त इंद्रवेल्ली-उटनूर भागात आमचे फिरणे असते, म्हणून एक माहिती देऊन थांबतो. केसलापूरला मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला सुरू होते. आपण बहुतेकजण मुख्य दिवशी जातो, गर्दीत दर्शन घेतो, पाळण्यात मुलांना बसवतो आणि रात्रीच्या आत परत येतो. त्याआधी मेस्राम लोक गोदावरीचे पाणी आणायला चालत गेलेले असतात आणि परत आल्यावर देवळाजवळच्या वडांखाली मुक्काम करतात. सासरी आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात, त्याशिवाय त्या कुळात धरल्या जात नाहीत. त्या वडांखाली परधान किकरी घेऊन बसतो. जायचेच तर तेव्हा जावे, आणि मुक्कामाच्या तयारीने जावे. थंडी कडक असते, घोंगडी जवळ असू द्यावी. गाणे गोंडीत असल्यामुळे पहिल्या दिवशी काही कळणार नाही. मधल्या वेळात तो चहाला उठतो. तेव्हा त्याला मराठीत विचारावे, बाबा, आता गोष्ट कुठवर आली? तो मराठीतच सांगतो.